सुधारलेला माणूस

दारू पिऊन ड्यूटीवर आले म्हणून निलंबित झालेल्या किशनरावांनी सहा महिन्यांत दारू सोडली, अगदी खरोखर सोडली. डेपोनं शाल-श्रीफळ देऊन त्यांना कामावर परत घेतलं. स्टेअरिंग तेवढं दिलं नाही. असला सुधारलेला माणूस गाडीवर कशाला वाया घालवायचा, असं मॅनेजरसाहेबांचं म्हणणं. तेव्हापासून किशनराव गावोगावच्या ड्रायव्हरांपुढं व्यसनमुक्तीची भाषणं ठोकत फिरत होते.

आजचं भाषण लातूरला होतं. नांदेडहून सकाळच्या गाडीत ते मांडीवर पिशवी घेऊन ड्रायव्हरच्या मागंच बसले. लोहा मागं पडलं तशी ड्रायव्हर नागनाथनं तिसरी विलायची तोंडात टाकली. विलायचीआडचा वास कसला, हे किशनरावांना कुणी सांगायची गरज नव्हती. वीस वर्षं त्यांनीही तो असाच झाकला होता.

"गाडी बाजूला घे!" ते भडकले. "लेका, मशीनमधी फुंकल्याबिगर तुला गाडी दिलीच कशी?"

"कशात फुंकू, काका?" नागनाथनं आरशातून त्यांच्या पिशवीकडं बघितलं. "डेपोत एकच मशीन हाय, अन् ते तुमी भाषणात दाखवायला घेऊन चाललाव."