दारामागचे ऑफिस

खट्!

सकाळच्या शांततेत हा आवाज झाला, की आईने मला उभे केले हे घरभर कळते. मित्रांनो, मी एक जुने इस्त्रीचे टेबल आहे. कारखान्यात माझे पत्र्याचे अंग ठोकून सरळ केले, त्यावर जाड कापड ताणले आणि दुमडणारे पाय लावले. नव्या संसाराबरोबर मी या घरात आले. कितीतरी सदरे माझ्या पाठीवर सरळ झाले. एक जळका डाग अजून आहे. तो बाबांचा पराक्रम!

आई लिफ्टच्या कंपनीत आहे. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने घंटा दाबली, की फोन तिला लागतो. ती त्याला धीर देते आणि मेकॅनिकला धाडते. मध्यंतरी हे काम घरून सुरू झाले, तेव्हा मीच तिचे ऑफिस झाले. पाठीवर लॅपटॉप, पोटाखाली लेकीचे, म्हणजे टिल्लीचे, घरकुल! काय माझा रुबाब होता!

मग मोठ्या साहेबांचा हुकूम आला. सगळ्यांनी रोज ऑफिसात यायचे. मी दारामागे गेले. माझ्या पायाला छत्री लटकू लागली. आई अंधारातच बस पकडायची, आणि ती परत येईतो टिल्ली झोपलेली असायची.

"ती हल्ली मला काही सांगतच नाही रे," आई बाबांना म्हणाली. "सगळं शेजारच्या काकूंना सांगते. मी राजीनामा देते."

"इतकं आवडतं काम सोडून?"

"मग काय, लेकीला सोडू?"

त्याच आठवड्यात टिल्लीला ताप आला. आईने रजा घेतली. ती माझ्यावर फ्रॉक ठेवून इस्त्री फिरवत होती, तोच तिचा फोन वाजला. ऑफिसात कुणी उचलला नाही, तर फोन घरून काम करतानाच्या जुन्या नंबरांवर जायचा. आईचा नंबर त्यातून काढायचा राहून गेला होता.

"अहो, मी अडकलोय! कुणी फोन का उचलत नाही?"

आईने आवाज ओळखला. "साहेब, तुम्ही?"

"तुम्ही तर रजेवर ना? बाकीचे कुठे मेले?"

"वाटेत आहेत, साहेब. रस्ता तुंबलाय."

आईने इस्त्री उभी केली, माझ्यावर लॅपटॉप मांडला आणि जवळचा मेकॅनिक पाठवला.

"दार ओढू नका. खाली बसा बघू. हवा येते आत."

अंथरुणातून टिल्ली ओरडली, "काका, मीपण कपाटात अडकले होते! गाणं म्हणा, मग भीती नाही वाटत!"

आणि साहेब गाऊ लागले! बेसूर, पण खणखणीत. दार उघडेपर्यंत थांबले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी नवा हुकूम निघाला. ज्यांना घरून काम करायचे, त्यांनी खुशाल करावे. "फोन उचलला गेला पाहिजे. कुठून उचलला, हे मी पुन्हा विचारणार नाही," असे साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितले म्हणे!

छत्री उतरली. खट्! मी पुन्हा ताठ उभे राहिले. राजीनाम्याचे नावसुद्धा निघाले नाही. मित्रांनो, दारामागे टेकवलेल्यांकडे अधूनमधून बघत जा. त्यांच्यात अजून दम असतो. माझ्या बिजागरीला तेवढे तेल द्या, म्हणजे झाले.

आज टिल्ली माझ्या पोटाखालून डोकावली.

"आई, साहेब लिफ्टमधून सुटले ना?"

"सुटले की!"

"पण ते तर अजून रोज ऑफिसातच असतात. तिथून त्यांना कोण सोडवणार?"