गोल टाकीवरचे सात नंबरचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. माझा लाल रंग कडांना उडाला आहे आणि पोटावर सात हा आकडा ठोकलेला आहे. कुलूप म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे तिजोरी येते, कपाट येते, बाहेरगावी गेलेल्या माणसांचे घर येते. माझ्यामागे यातले काहीच नव्हते. माझ्यामागे होता एक विजेचा खटका. खटका बंद करायचा आणि त्यावर मला अडकवायचे, म्हणजे तो कोणाला चालू करता येत नाही. बस्स, एवढेच माझे काम. चोराने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

एका कारखान्यात एकाच दिवशी आम्ही चारशे जण तयार झालो. तेव्हा माझे किती लाड झाले असतील, याची कल्पना करा. खोक्यात भरले, टेम्पोत चढवले आणि शहराला पाणी पुरवणाऱ्या जलशुद्धीकरण केंद्रात आणून उतरवले. इतर कुलपांना दोन-दोन किल्ल्या असतात. मला एकच होती. हे मुद्दाम केले होते आणि त्यामागे एक घडलेली गोष्ट आहे. ती सांगताना मला काही वाटत नाही. लोखंडाला काय वाटायचे?

या केंद्रात नदीचे गढूळ पाणी येते. त्यात तुरटी मिसळतात, मग ते एका मोठ्या गोल टाकीत संथ राहते आणि गाळ तळाशी बसतो. तळावरून एक लांब लोखंडी हात फिरत असतो. तो गाळ मधल्या खड्ड्याकडे लोटतो. त्याचा एक फेरा पुरा व्हायला पाऊण तास लागतो. पाहणाऱ्याला वाटावे, बंदच पडला आहे. पण वाटेत काही आले तरी तो थांबत नाही.

मी येण्याआधीच्या वर्षी टाकी रिकामी करून एक फिटर दुरुस्तीला आत उतरला होता. त्याचा जोडीदार, दुसरा फिटर, जेवून परत आला. त्याला खटका बंद दिसला. कोणीतरी चालू करायचे विसरले असेल, असे त्याला वाटले. त्याने खटका वर केला. हा दुसरा फिटर फार चटपटीत माणूस होता. सगळे त्याला ‘वादळ’ म्हणत. आतल्या माणसाची किंकाळी ऐकू येईपर्यंत वादळ पुढच्या कामाला निघूनही गेले होते.

आतला माणूस वाचला, पण त्याचा डावा पाय गुडघ्यापासून गेला. बऱ्याच महिन्यांनी तो कामावर परत आला आणि त्याला भांडारात बसवले. आम्हा कुलपांची वही त्याच्याकडेच असते. आणि वादळ? वादळाने सहा महिने कोणाशी धड बोलणे टाकले. मग साहेबांच्या मागे लागून त्याने आम्हाला मागवून घेतले. प्रत्येकाचे वेगळे कुलूप, एकच किल्ली आणि ती ज्याची त्याच्या अंगावर. ज्याने कुलूप लावले त्यानेच काढायचे. काढण्याआधी टाकीच्या काठावर जाऊन तीनदा हाक मारायची, “आहे का कोणी आत?” आणि दहा आकडे मोजायचे. हा नियम त्यानेच लिहिला आणि भिंतीवर चिकटवला.

मी त्याच्या वाट्याला आले. भांडारवाल्या मित्राने वही पुढे सरकवली.

“सात नंबर. कर सही.”

“तू राग नाही ना धरलास?” फिटरने विचारले.

“रोज विचारतोस. आधी सही कर, मग रोजच्यासारखं नाही म्हणतो.”

त्या दिवसापासून माझी किल्ली फिटरच्या गळ्यात, दोरीला. तो आता एकेक गोष्ट बेताने करू लागला. पायऱ्या उतरताना म्हणायचा, “सावकाश.” पंपाचे झाकण उघडताना म्हणायचा, “सावकाश.” कोणी घाई केली की दोन्ही हात खाली करून म्हणायचा, “सावकाश रे बाबांनो, नदी कुठे पळून जात नाही.” मग काय! वादळाचे नाव पुसले गेले आणि सगळे त्याला सावकाशराव म्हणू लागले.

त्याच्याबरोबर मी वीस वर्षे काढली. वाळूच्या गाळण्यांच्या पंपांवर, तुरटी ढवळणाऱ्या पंख्यांवर, क्लोरीनच्या खोलीत आणि सगळ्यात जास्त वेळा त्या गोल टाकीवर मी लटकले. टाकीच्या काठावरच पत्र्याच्या टोपीखाली तिचा खटका आहे. तो आत उतरला की मी वर. तो चिखलात गुडघाभर, मी उन्हात. संध्याकाळी वर येऊन तो हाका मारायचा, बोटांवर दहा मोजायचा आणि मगच मला काढायचा. आत तो एकटाच होता आणि आता तो बाहेर उभा आहे, हे त्याला ठाऊक असे. तरी हाक मारायचा. लोक हसायचे. मीसुद्धा मनात म्हणायचे, काय हा खुळेपणा! महिन्यातून एकदा तो मला तेलाचे दोन थेंब द्यायचा आणि घरच्या गोष्टी सांगायचा. मला त्या ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

एकदा मात्र त्याची फजिती झाली. त्याच्या धाकट्या मेहुण्याचे लग्न होते. आदल्या संध्याकाळी निघण्याच्या गडबडीत तो मला पंपावरून काढायचे विसरला. सकाळी पंप हवा होता. तेव्हाचे साहेब फोनवर म्हणाले, “राहू द्या हो, कटरने कापून टाकतो.” तर हा गडी इस्त्रीच्या कपड्यांत दोन बसगाड्या बदलून हजर! बायकोही रागारागाने सोबत आली होती. ती फाटकाबाहेरच उभी राहिली. हाका मारून, दहा मोजून याने मला काढले, तोवर तिकडे लग्न लागूनही गेले.

पुढच्या तेलाच्या वेळी तो मला हसत म्हणाला, “आमच्या घरात तुझं नाव काय पडलंय माहितीये? सवत! म्हणते, आठ दिवस बोलायचं नाही माझ्याशी, सवतीकडे जा.”

मी सवत, मित्रांनो. मी, एक पावशेर वजनाचे कुलूप.

आता पुढचे. त्या दिवशी टाकी रिकामी केली होती, कारण लोखंडी हाताचे रबर झिजले होते आणि काही बोल्ट सैल झाले होते. सकाळी फिटरने खटका पाडला, मला अडकवले, ओढून पाहिले आणि शिडीने खाली उतरला. दुपारी जेवायला वर आला. काम अर्धे राहिले होते, म्हणून मला तसेच ठेवले. काठावरच्या पायरीवर बसून त्याने डबा उघडला. एक घास घेतला. मग डबा बाजूला ठेवून छाती चोळू लागला.

शेजारच्या माणसाने विचारले, “काय झालं हो?”

“काही नाही. जरा गॅसेस झाले असतील. सावकाश होईल बरं.”

त्याला केंद्राच्या गाडीतून दवाखान्यात नेले. डबा तिथेच उघडा राहिला. कोणीतरी नंतर तो झाकला. फिटर परत आला नाही. तो वाटेतच गेला, असे मी माणसांच्या बोलण्यातून ऐकले. मी खटक्यावर लटकत होते. ऊन होते, माझे अंग तापले होते. मला काही वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या फिटरांनी माझ्या शेजारी आपापली कुलपे अडकवली, राहिलेले काम पुरे केले आणि संध्याकाळी हाका मारून आपापली कुलपे काढून नेली. मी एकटे उरले. किल्ली त्याच्या गळ्यातच दवाखान्यात गेली होती आणि ती घरी जाऊन मागायचा धीर कोणाला होईना. मी निघत नाही तोवर हात फिरणार नाही. हात फिरत नाही तोवर टाकीत पाणी सोडता येणार नाही. शहराच्या निम्म्या नळांना तास-दीड तासाऐवजी अर्धाच तास पाणी येऊ लागले. आता केंद्र सांभाळणाऱ्या इंजिनिअर मॅडमच्या टेबलावरचा फोन थांबेना.

चौथ्या दिवशी मॅडम आणि भांडारवाला टाकीवर आले. भांडारवाल्याच्या काखेत कुबडी होती आणि हातात मोठा कटर. मॅडमनी कागदावर सही केली होती. त्याने कटरचे दात माझ्या कडीला लावले. गार होते. तो तसाच उभा राहिला.

“काय झालं?” मॅडमनी विचारले.

“तो आत नाही, हे मला कळतंय मॅडम. मीच तर खांदा दिला. पण हे दाबवत नाही.”

“तुम्हाला रडायचं असेल तर…”

“रडू पण येत नाहीये. चार दिवस झाले, जेवतोय, झोपतोय. आत सगळं बधिर झालंय. तुम्ही कापा.”

मॅडमनी कटर घेतला. त्यांनी तो थोडा वेळ धरला, माझ्या पोटावरचा सात आकडा पाहिला आणि कटर खाली ठेवला. “उद्या बघू,” त्या म्हणाल्या. मित्रांनो, शहर तहानलेले होते आणि दोन शहाणी माणसे पावशेर लोखंडापुढे हरली होती. मला लाज वाटायला हवी होती. पण मीही बधिरच झाले होते.

पाचव्या दिवशी सकाळी ती आली. फिटरची बायको. कोणी बोलावले नव्हते. वीस वर्षांत ती पहिल्यांदाच फाटकाच्या आत आली. मॅडम आणि भांडारवाला लगबगीने पुढे गेले. तिने त्यांना बोलूच दिले नाही.

“आमच्या नळाला अर्धाच तास पाणी येतंय,” ती म्हणाली. “शेजारणी म्हणाल्या, कुठे पाइप फुटला असेल. मी म्हटलं, पाइप नाही फुटला. ह्यांनी कुलूप काढलं नसेल.”

“वहिनी, तुम्ही कशाला एवढ्या लांब… निरोप दिला असता तर मी आलो असतो.”

“तुम्ही कसं काढणार भाऊजी? ज्याचं त्यानेच काढायचं ना? ते नाहीत, मग मी.” तिने मूठ उघडली. मुठीत दोरी होती आणि दोरीला माझी किल्ली. “दवाखान्यातून चष्मा, घड्याळ आणि ही अशा तीन वस्तू दिल्या. पाच दिवस उशाखाली ठेवली होती. ही लावली म्हणजे संपलंच सगळं, म्हणून येत नव्हते.”

ती पत्र्याच्या टोपीखाली आली. वाकून तिने मला पाहिले. अगदी जवळून.

“ही होय ती! मला वाटलं होतं, केवढी असेल.”

भांडारवाल्याने तोंड फिरवले. तिने किल्ली पुढे केली आणि मध्येच थांबली. “आधी हाक मारायची असते ना?”

“नाही मारली तरी चालेल, वहिनी. आत कोणी नाही.”

“ते कधी मारल्याशिवाय काढायचे का?”

ती काठावर गेली. खाली कोरडा तळ, लोखंडी हात आणि टेकवून ठेवलेली शिडी. इथे सगळे मोठ्याने ओरडतात. ती ओरडली नाही. घरात आतल्या खोलीतल्या माणसाला बोलवावे, तेवढ्याच आवाजात ती म्हणाली,

“अहो.”

मग थांबून, “अहो.”

आणि तिसऱ्यांदा, “अहो, आहात का आत?”

ती बोटांवर मोजू लागली. दहा झाले. ती मोजतच राहिली. वीस झाले, तीस झाले. मॅडमनी घड्याळ पाहिले नाही. भांडारवाला कुबडीवर दोन्ही हात ठेवून तळाकडे पाहत राहिला. वीस वर्षे मी ज्या हाकेला खुळेपणा म्हणत आले, ती कशासाठी असते हे मला तेव्हा कळले. आणि हो, तेव्हा मला वाटले. फार वाईट वाटले.

मग ती परत आली आणि तिने किल्ली फिरवली. मी उघडले.

भांडारवाल्याने खटका वर केला. पाय गेला त्या दिवसानंतर कोणताही खटका वर करण्याची त्याची ही पहिलीच वेळ असावी. लोखंडी हात कुरकुरला आणि निघाला. पाणी सोडण्याआधी एक फेरा कोरडा फिरवून पाहतात. ती पायरीवर बसली. तीच पायरी, पण ते तिला कोणी सांगितले नाही. पाऊण तास ती त्या हाताकडे पाहत राहिली. हात निघाला तिथे परत आला, तेव्हा ती उठली.

मॅडम म्हणाल्या, “हवं तर हे कुलूप तुम्ही घेऊन जा. मी कागद करते.”

“घरी नेऊन काय करू? तिथे काय आहे कुलूपबंद करायला?” तिने किल्ली भांडारवाल्याच्या हातात दिली. “आता जो उतरेल त्याला द्या. आणि त्याला सांगा भाऊजी, जेवायला वर आलास की काढून ठेवत जा म्हणावं.”

नियमात तसे बसत नाही. काम संपेपर्यंत मी लटकलेच पाहिजे. पण भांडारवाला म्हणाला, “सांगतो.”

मित्रांनो, मी अजून कामावर आहे. माझी किल्ली आता दुसऱ्या कोणाच्या गळ्यात असते. तेल वेळेवर मिळत नाही, त्याची माझी तक्रार नाही. मागणे एकच आहे. एखाद्या खटक्यावर माझ्यासारखे लाल कुलूप दिसले, तर ते कोणी विसरले असेल असे समजू नका आणि घाई करू नका. नळाला आज पाणी कमी आले, तर कमी पाण्यात भागवा. आधी हाक मारा. दहा मोजा. आत कोणाचे तरी ‘अहो’ असतात.