शिंका आणणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर सुरू केला की घरात शिंका सुरू. आधी चेतनाला, मग तिच्या आईला, म्हणजे बेबीबाईला. बंद केला की सगळं शांत. आता याला काय म्हणावं!

जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून गरजू घरांना देणारा नवनीत परवाच तो रनाळ्यात त्यांच्या घरी ठेवून गेला होता. वरून कसा चकाचक! घरात बाप नाही, आई मिरच्या वाळवायच्या पथारीवर देठ तोडायला जाते. टायपिंगच्या परीक्षेचा सराव चेतना आणखी कशावर करणार होती? आणि आईनं तर हेकाच धरला.

"याले नजर लागेल शे. नवनीत संध्याकाळे येवाव शे ना, परत ली जाय म्हन त्याले."

"माय, मशीनले कसानी नजर?"

"मंग शिंका कसाले येतस?"

चेतना कॉम्प्युटरसमोर आडवी उभी राहिली. "आधी नजर उतारी दख, मंग परत दे!"

बेबीबाईनं मीठ-मिरच्या कॉम्प्युटरवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. नजर असली तर मिरची जळूनही ठसका लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण असा काही ठसका उठला, की दोघी खोकत ओट्यावर पळाल्या!

"म्हंजे नजर नही," चेतना डोळे पुसत म्हणाली.

"नही." बेबीबाईला कबूल करावं लागलं. "मंग याना पोटमा शे तरी काय?"

झालं, आता आईलाही राहवेना! चेतनानं वायर काढली, स्क्रू फिरवले, पत्रा उघडला. दोघींनी डोकी आत घातली. पंख्याच्या पात्यांवर, कोपऱ्याकोपऱ्यात लाल भुकटी बसलेली. बेबीबाईनं चिमूटभर नाकाशी नेली आणि सणसणीत शिंकली.

"अवं माय, मिरची!"

संध्याकाळी नवनीतनं ते पाहून जीभ चावली. "आतला पंखा झाडायचा राहूनच गेला, मावशी. नंदुरबारच्या सुमेरमलशेठच्या ऑफिसातला आहे हा. बदलून देऊ का दुसरा?"

बेबीबाई पुन्हा त्या लाल भुकटीकडे पाहू लागली. सुमेरमलशेठच्याच पथारीवर तिची उमर गेली होती. पथारीला लागूनच असलेल्या ऑफिसच्या काचेतून हा कॉम्प्युटर तिला रोज दिसायचा, पण ते दार ओलांडायची हिंमत तिला कधी झाली नाही.

तिनं नाकाला पदर बांधला, ब्रश घेतला आणि स्वतःच्या हातानं पंखा झाडून लख्ख केला. चेतनानं पत्रा बसवला, बटण दाबलं. कुणी शिंकलं नाही.

"हाऊच ऱ्हाऊ दे, भाऊ," बेबीबाई म्हणाली आणि पोरीला सरकवून शेजारी बसली. "मन्ही मिरची खाईसन मोठा व्हयेल शे हाऊ. चेतना, माले बी दखाड, कसा चालस."