डावा दिवा

जळालेल्या बल्बच्या काचेवर आतून एक राखाडी थर असतो. लतिकाने व्हॅनच्या हेडलाइटचा जुना बल्ब खिडकीपाशी धरला, तेव्हा तो थर वरच्या बाजूला जवळजवळ काळा आणि खाली येता येता फिकट होत गेलेला दिसला. धक्क्याने तार तुटून एकदम गेलेल्या बल्बची काच बहुधा स्वच्छ राहते. ही तशी नव्हती. तार झिजत गेली होती, तिचे कण काचेवर बसत गेले होते, उजेड हळूहळू मंदावत गेला होता. बल्ब काल संध्याकाळी गेला असेल, पण जायला लागला होता त्याच्या कितीतरी आधी.

आणि त्या सगळ्या दिवसांत बाबा गाडी काढण्याआधी न चुकता दिवे तपासत होते.

तिने बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. बाबा पोहे करत होते. शनिवारी पोहे बाबांचे, हा आई गेल्यापासूनचा नियम. जेलरोडच्या त्या सोसायटीत आता बाबा आणि ती, दोघंच राहत होती.

बाबा, म्हणजे दिवाकरराव, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते आणि शिफ्ट इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. लतिका लहान असताना ते तिला पॅनेलच्या गोष्टी सांगत. भिंतभर पसरलेलं पॅनेल, त्यावर हिरवे, लाल, पिवळे दिवे. शिफ्ट बदलली की पहिलं काम लॅम्प टेस्ट. एक बटण दाबायचं, सगळे दिवे एकदम लागायचे, जो लागला नाही तो तिथल्या तिथे बदलायचा. "धोक्याचा दिवाच गेलेला असला ना लतू, तर पॅनेल एकदम शांत दिसतं," ते म्हणत. "त्या शांततेची भीती वाटली पाहिजे." आणि बटण दाबणारा वेगळा, दिवे बघून मोठ्याने सांगणारा वेगळा. एकाच माणसाने दोन्ही कामं करायची नाहीत, कारण दाबणाऱ्याला सगळे दिवे लागावेत असं वाटत असतं.

पुढे लतिका फिजिक्स शिकली, कॉलेजात शिकवू लागली. निरीक्षण म्हणजे काय हे वर्गात सांगताना तिच्या डोळ्यांसमोर पुस्तकाआधी ते पॅनेल यायचं.

घरात व्हॅन आली तेव्हा लॅम्प टेस्टही आली. बाबा स्टिअरिंगवर बसायचे, आई कणकेचे हात तसेच घेऊन गाडीपुढे उभी राहायची. "डावा आहे, उजवा आहे." बाबा खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणायचे, "अगं, तुझा डावा की माझा?" "तुम्हाला दोन्ही आहेत ना? मग निघा!" आई गेल्यावर बाबा ते एकटेच करू लागले. गाडी कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून लावायची, दिवे लावायचे, भिंतीवरचे दोन गोल बघायचे, निघायचं. बटण दाबणारे तेच आणि सांगणारेही तेच.

व्हॅन त्यांची एकट्याची नव्हती. सोसायटीत निम्मे लोक एकलहऱ्याचे निवृत्त. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या नातवाला स्टेशनवरून आणायचं, वर्षातून दोनदा सगळ्यांनी मिळून वणीच्या गडावर जायचं, की हाक दिवाकररावांना. ते पँट बदलून, केस विंचरून, शिफ्टला निघाल्यासारखे खाली उतरायचे. व्हॅनच्या डाव्या बाजूला गेल्या वर्षी दोन ओरखडे आले, गेटजवळची मोगऱ्याची कुंडी फुटली, एकदा डावीकडून आलेला सायकलवाला त्यांना दिसलाच नाही. प्रत्येक वेळी लतिकाने ठरवलं की आज बोलायचं. आणि प्रत्येक वेळी खालून कुणीतरी "दिवाकरराव, आहात का?" म्हणून हाक मारली, बाबा ताठ झाले, आणि तिने विषय उद्यावर ढकलला.

कालची गोष्ट अशी झाली. नाशिकमध्ये एका जुन्या सहकाऱ्याच्या नातवाचं बारसं होतं. परत येताना दिवस बुडाला होता. पुढे बाबांच्या शेजारी गोटीराम, मागे लतिका आणि वत्सलाबाई. गोटीराम पेठकडचा, बाबांच्या काळात केंद्राच्या कोळसा विभागात नोकरी केलेला. अजूनही त्यांना साहेब म्हणायचा. वत्सलाबाई खालच्या मजल्यावरच्या. बिटको चौकाच्या अलीकडे वाहतूक पोलिसाने हात केला.

"काका, डावा हेडलाइट बंद आहे तुमचा."

"नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "निघताना तपासलाय. दोन्ही लागत होते."

"आत्ता तर बंद आहे."

गोटीराम खिडकीतून अर्धा बाहेर आला. "ओ हवालदारसाहेब, ह्यांना वळखलं नाय तुमी. एकलहऱ्याचे साहेब हायेत. जन्मभर तुमच्या घरात लाइट धाडली, अन् तुमी ह्यांनाच लाइटीवरनं धरता व्हय?"

पोलीस हसला. तरुण होता, पण आवाज खाली ठेवून बोलत होता. "अहो, मग तर काका आमच्यापेक्षा जास्त जाणतात. समोरून येणाऱ्याला ही मोटारसायकल वाटते. बाजूला मोकळी जागा आहे समजून तो घुसायला बघतो. मागच्याच आठवड्यात एक असाच गेला इथे. या काका, उतरून बघा."

बाबा उतरले. गाडीपुढे जाऊन, गाडीकडे पाठ करून, रस्त्यावर पडलेला उजेड बघायला उभे राहिले. लतिकाने काचेतून पाहिलं. बाबांनी आधी समोर बघितलं आणि मान हलवली, जणू म्हणत होते, आहेत की दोन्ही. मग हवालदाराने डावीकडे बोट केलं, तिकडे त्यांनी सबंध मान वळवली, पाखरू वळवतं तशी, आणि तेव्हा कुठे त्यांचा चेहरा बदलला.

नुसते डोळे वळवून जे दिसायला हवं होतं, त्यासाठी त्यांना मान वळवावी लागली होती.

"जाऊ द्या ना भाऊ," वत्सलाबाई आतून म्हणाल्या. "वयस्कर माणूस आहे. उद्या बसवतील."

"पावती करा," बाबा म्हणाले. "बरोबर आहे तुमचं." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "मी तपासला होता, पण."

घरी येईपर्यंत एकटा गोटीरामच बोलत होता. "साहेब, ह्यो मेकॅनिक लोकांचा डाव असतोय. साला बल्बच असा बनवत्यात."

शनिवारी सकाळी पोह्यांच्या आधीच बाबांनी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून नवा बल्ब बसवून आणला. दुपारभर ते खुर्चीत पेपर घेऊन बसले होते आणि पान उलटत नव्हते. अंधार पडल्यावर ते म्हणाले, "लतू, खाली ये जरा. तो फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन ये."

व्हॅन भिंतीकडे तोंड करून उभी होती. बाबा आत बसले. दिवे लागले, भिंतीवर दोन गोल पडले.

"आई करायची तसं. सांग."

"डावा आहे. उजवा आहे."

"ठीक. आता मी भिंतीवरच्या त्या भेगेकडे बघणार, समोर. मान हलवणार नाही. तू डाव्या दिव्यापुढे पुठ्ठा धरायचा किंवा नाही धरायचा, तुझ्या मर्जीने. मला काही बोलायचं नाही. मी सांगेन दिवा आहे की नाही."

लतिका जागच्या जागी थांबली. प्रयोगशाळेत तिचे विद्यार्थी हवं ते उत्तर येईपर्यंत आकडे सरकवत असत, आणि खरं सांगायचं तर एका शोधनिबंधाच्या वेळी तिलाही तो मोह झाला होता. इथे बहात्तर वर्षांचा माणूस स्वतःविरुद्ध चाचणी मांडून बसला होता, पळवाट ठेवायची नाही अशा बेताने. उत्तर काय येणार याची त्यालाही कल्पना होती. तरी तो सीटवर पाठ टेकवून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, भेगेकडे बघत होता.

तिने पुठ्ठा धरला नाही.

"आहे," बाबा म्हणाले.

तिने पुठ्ठा धरला. डावीकडचा गोल विझला, भिंतीचा तेवढा भाग काळा पडला.

"आहे."

तिने काढला. "आहे." पुन्हा धरला. "आहे." मेंदू रिकामी जागा रिकामी ठेवत नाही, शेजारचंच काहीतरी घेऊन ती भरतो, हे तिने कितीदा शिकवलं होतं. बाबांना आत्ता अखंड उजळलेली भिंत दिसत होती.

"बास," ते म्हणाले. "सांग आता."

एका शब्दाने सगळं पूर्ववत झालं असतं. "बरोबर," एवढंच म्हणायचं होतं. ते तिच्यावर विश्वास ठेवणार होते, सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचाच असतो म्हणून.

"धरला होता तेव्हाही तुम्ही आहेच म्हणालात, बाबा."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"हं." त्यांनी दिवे बंद केले. मग ते उतरले, गाडीला कुलूप लावलं आणि म्हणाले, "चांगलं सांगितलंस."

जेवताना लतिका म्हणाली, "सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊ."

"उद्या गडावर मी चालवते. सांगू की मला घाटाची सवय करायची आहे. कुणाला काही कळायचं कारण नाही."

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "उद्याचं झालं. मंगळवारी वत्सलाबाईंना दवाखान्यात न्यायचंय, तेव्हा काय सांगशील?"

"बघू."

"तू वर्षभर बघूच म्हणतेयस," ते म्हणाले. रागावून नाही. "मीही तेच म्हणतोय." आणि ताट उचलून आत गेले. लतिका बसून राहिली. आपण एवढे दिवस लपवत होतो ते बाबांना दिसत होतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

रविवारी सकाळी सगळे खाली जमले. वत्सलाबाई ओटीचं सामान आणि पुऱ्यांचा डबा घेऊन, शेजारच्या सुलाबाई स्वेटरवर शाल गुंडाळून, गोटीराम धुतलेली पांढरी टोपी घालून.

"काय साहेब," गोटीराम म्हणाला, "आज दिवे बरोबर घेतलेत ना? का पुन्हा पावती फाडायची?"

"दिवसा दिवे कशाला लागतात रे?" सुलाबाई म्हणाल्या.

"पोलिसाचं काय सांगावं? सूर्य बंद हाय म्हणून बी पावती फाडंल."

सगळे हसले. बाबाही हसले. त्यांनी सवयीने किल्ली हातात धरली होती आणि सवयीनेच ते उजव्या दाराकडे निघाले होते. लतिका पुढे झाली.

"आज मी चालवते. घाटाची सवय व्हायला हवी मला."

"नाय नाय!" गोटीरामने दोन्ही हात वर केले. "मॅडम, तुमी स्कूटरवाली मानसं. घाटात काय भाजी आनायला जायचंय का? साहेब असले तरच मी गडावर येतो, नायतर हितूनच देवीला हात जोडतो."

"तसं नाही हो," वत्सलाबाई म्हणाल्या, "पण माझा मुलगा पुण्याहून रोज विचारतो, गाडी कोण चालवणार? दिवाकरराव म्हटलं की गप्प बसतो. आता त्याला काय सांगू?"

लतिकाने बाबांकडे पाहिलं. तिने त्यांच्यासाठी सबबीची वाट मोकळी ठेवली होती. त्यांनी फक्त "जाऊ द्या, पोरीची हौस आहे" म्हणायचं होतं. तेवढ्यावर आजचा दिवस निभावला असता. पुढचा महिनाही कदाचित निभावला असता.

बाबा उजव्या दारापाशी थांबले होते. हात अजून दारावर होता. मग तो त्यांनी काढला, गाडीला वळसा घालून ते डाव्या बाजूला आले आणि किल्ली लतिकाच्या हातात दिली. चौघांकडे तोंड करून ते उभे राहिले. मान नीट वळवून त्यांनी प्रत्येकाकडे पाहिलं, सगळ्यात डावीकडे उभ्या असलेल्या सुलाबाईंकडेसुद्धा. पॅनेलवरचं वाचून दाखवावं तशा मोठ्या, स्पष्ट आवाजात ते बोलले.

"गोटीराम, परवा पोलीस बरोबर होता. बल्ब गेला होता, आणि मला तो गेलेला दिसत नव्हता. डाव्या बाजूचं मला दिसत नाही. काल लतूने तपासलं. वत्सलाबाई, मुलाला सांगा, गाडी लतिका चालवते. मी आजपासून चालवणार नाही."