हिरामणच्या डोळ्याचं चित्र

१९८४च्या हिवाळ्यात सौंसरच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. पांढुर्ण्याचे पोस्टमन हिरामण गजभिये बायकोला, पुष्पाला घेऊन तिथं गेले. पाकिटांवरचे पत्ते पुसट दिसू लागले होते. चष्मा मिळाला की झालं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

नागपूरहून आलेल्या डॉक्टर मुकुंदांनी थेंब टाकले, अर्ध्या तासानं खिडकी लावून घेतली आणि हातातल्या बारक्या दिव्याच्या यंत्रातून डोळ्यात बघत राहिले. मग रक्तदाब मोजला, लघवीतली साखर तपासली. दोन्ही ठीक निघालं.

"तुम्हाला कावीळ झाली होती का कधी?"

"सहा वर्सं झाले जी. उतरली, पन थकवा काही गेला नाही. तुमाले कोनं सांगितलं?"

"कोणी नाही. आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नागमोडी झाल्यात, दोन जागी रक्ताचे ठिपके आहेत. डोळ्याचा पांढरा भागही पिवळसर दिसतो. मूळ लिव्हरमध्ये असू शकतं. रक्त तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."

पुष्पानं यंत्राकडे बोट करून भीतभीत विचारलं, "मले दिसन का?"

डॉक्टरांनी यंत्र कसं धरायचं ते दाखवलं. दोनतीनदा नुसता अंधार दिसला. मग एकाएकी नारिंगी उजेड पसरला, त्यात एक फिकट चकती, आणि तिच्यातून फुटलेल्या लाल रेघा दूरवर गेलेल्या.

"हे रक्त आता वाहून राहिलं?"

"आत्ता, या क्षणी. न कापता रक्तवाहिन्या अशा उघड्या दिसतात, अशी शरीरातली ही एकच जागा."

चकतीजवळची एक शीर हलकेच उडत होती. पुष्पानं नवऱ्याचं मनगट धरलं. बोटाखाली तोच ठोका लागला. अठरा वर्षं संसार केलेला हा माणूस आतून असा चालतो, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं.

नागपूरच्या तपासणीत लिव्हरमध्ये मुरलेला विषाणू सापडला. तो घरच्यांनाही लागू शकतो, म्हणून पुष्पाचं आणि दोन्ही मुलींचं रक्त तपासलं; ते चांगलं निघालं. रोगावर तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. हिरामणनी दारू सोडली, चष्मा लावला आणि अर्ज करून टपाल छाटायचं बैठं काम घेतलं. दर हिवाळ्यात डॉक्टर त्यांच्या डोळ्यात बघत आणि आतल्या पडद्याचं चित्र लाल पेन्सिलीनं कागदावर उतरवत.

१९८८च्या कागदावर ठिपके नव्हते. हिरामणनी तो मांडीवर घेतला.

"हा मीच हो का, डॉक्टरसाहेब?"

"तुम्हीच."

ते बराच वेळ त्याकडे पाहत बसले. पुष्पानंही घाई केली नाही.