पांढऱ्या फडक्याची साक्ष

पणजोबांनी गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवल्या, आजोबांनी पाणी उपसायची बंद पडलेली इंजिने जागी केली आणि बाबांनी उभ्या पंचक्रोशीच्या मोटारी मार्गी लावल्या. त्या बाबांची ही थोरली लेक. तिच्या हाती पाना आला, तेव्हा तो तीन पिढ्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेला होता.

अशा घराण्याकडे बोट दाखवायला एकच जागा होती, आणि ती म्हणजे सुईणबाईंची व्हॅन. थोरलीच्या जन्माच्या वेळी तिच्या आईचे प्राण कंठाशी आले होते. सुईणबाई तीन दिवस उशापासून हलल्या नाहीत. मोबदल्याचा विषय निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या की माझ्या व्हॅनचे इंजिन खोलून नव्याने बांधून द्या, त्यात सगळे आले. बाबांनी ते घरीच बांधून दिले. अडीच महिन्यांत ते धूर ओकू लागले, तेल पिऊ लागले आणि प्रत्येक चढावर मान टाकू लागले. बाजारात पिस्टनच्या रिंगाच हलक्या मिळाल्या, असे बाबांनी सांगितले. सुईणबाईंनी ते ऐकून घेतले, व्हॅन घरामागच्या शेडमध्ये लोटली आणि पुढली एकोणतीस वर्षे बाळंतिणींची घरे पायी गाठली.

आता ती शेड पाडायची होती, आणि भंगारवाला व्हॅन ओढून न्यायला येणार होता. थोरलीने पंधरा दिवसांनंतरच्या रविवारपर्यंत मुदत मागून घेतली आणि इंजिन घरी आणले. आपल्या जन्माचा मोबदला भंगारात जाऊ द्यायचा नाही, हे तिने मनाशी पक्के केले होते.

मुदतीच्या शेवटच्या गुरुवारी दुपारी लेथवाल्याने इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा लोखंडी ठोकळा, आणून मागच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला. चारही सिलिंडर नव्याने कातलेले होते आणि आतून दगडाने घासून त्यांवर बारीक तिरप्या रेघांची जाळी उठवलेली होती. इंजिन चालू असताना त्या जाळीत तेल टिकून राहते. थोरलीने आत डोकावून पाहिले आणि तिला हसू आवरेना. एखाद्या मुलीने नवी पाटी हाती घ्यावी, तसा तिचा चेहरा झाला होता.

तिच्याजवळ व्हॅनच्या कप्प्यात सापडलेले माहितीपुस्तक होते. त्याची पाने अजून एकमेकांना चिकटलेलीच होती. घासलेले सिलिंडर गरम पाण्याने आणि साबणाने धुवावेत, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. बाबांनी खुर्चीतूनच हात झटकला.

"आपल्या घरात सिलिंडर रॉकेलनंच धुतात. साबणानं धुवायला ती काय दुधाची भांडी आहेत?"

आत्याने लगेच भावाची बाजू उचलून धरली. थोरली वाद घालत बसली नाही. तिने बाबांच्या पद्धतीने चारही सिलिंडर रॉकेलने धुतले, पुसले आणि कोरडे पांढरे फडके आत फिरवून बाहेर काढले. फडके स्वच्छ निघाले. बाबांनी मिशीवर बोट फिरवले.

मग तिने दुसरे पांढरे फडके ताज्या तेलात बुडवले, पिळले आणि त्याच सिलिंडरमध्ये दाबून फिरवले. ते बाहेर आले तेव्हा पाटीसारखे करडे झाले होते. कोरड्या फडक्याला जे सापडले नव्हते, ते तेलाने रेघांच्या तळातून उकरून काढले होते. बाबांनी ते फडके हाती घेऊन चिमटीत चोळले. दगडाची भुकटी बोटांखाली करकरली. चालत्या इंजिनात हीच भुकटी रिंगा खाऊन टाकते. त्यांनी दुसऱ्या सिलिंडरमध्ये स्वतः फडके फिरवले. तेही करडेच निघाले.

"रिंगा चांगल्या होत्या," बाबा म्हणाले.

मग एकोणतीस वर्षांत उठले नसतील इतक्या चपळाईने बाबा खुर्चीतून उठले आणि त्यांनी घरातली सगळी मोठी पातेली चुलीवर चढवायला सांगितली.

त्यानंतर घरात जी धावपळ उडाली, तिला तोड नव्हती. थोरली लांब दांड्याच्या ब्रशाने फेस काढी, बाबा कढत पाणी ओतीत आणि फरशीवरून करडे ओहोळ मोरीकडे धावत. पाणी निथळले की उघडे लोखंड बघता बघता गंजू लागते, म्हणून पुसणे आणि तेल चोळणे एका दमात व्हायला हवे होते. नेमके तेव्हाच आत्या चांगले टॉवेल द्यावेत की जुने, याचा विचार करत दारात थबकली. तेवढ्यात तिसऱ्या सिलिंडरवर तांबूस झाक चढली.

"आत्या, तुझे टॉवेल वाचले आणि सिलिंडर गंजला," थोरली म्हणाली.

आत्याने नवाकोरा टॉवेल टराटरा फाडला, तेलात बुचकळला आणि तो डाग स्वतःच्या हाताने घासून काढला. अखेर चारही सिलिंडरांतून तेलाची फडकी पांढरीशुभ्र निघाली. सर्वत्र तेलाचा दाट हात फिरला, वर स्वच्छ प्लास्टिक घट्ट बांधले गेले, आणि जोडणी होईपर्यंत त्या खोलीत झाडू किंवा पंखा चालणार नाही, असे बाबांनी फर्मावले. आत्याला तर शिंकायलाही अंगणात जावे लागे.

शनिवारी संध्याकाळी इंजिन शेडमधल्या व्हॅनमध्ये बसले. रविवारी सकाळी तिसऱ्या खेपेला ते बोलू लागले. पहिला निळसर धूर जोडणीच्या तेलाचा होता. तो विरल्यावर बाबांनी सायलेन्सरच्या नळीपुढे पांढरे फडके धरले आणि ते लेकीला दाखवले. त्यावर डाग नव्हता.

सुईणबाईंच्या दारात भंगारवाला साखळी घेऊन उभा होता आणि शेजारी सुईणबाई काठी टेकून उभ्या होत्या. व्हॅन शेडमधून आपल्या चाकांवर येऊन त्याच्यापुढे थांबली. थोरलीने किल्ली पुढे केली, पण बाबांनी तिचा हात अडवला. ते खाली उतरले आणि सुईणबाईंपुढे उभे राहिले.

"बाई, रिंगा चांगल्या होत्या. सिलिंडर मी नीट धुतले नव्हते. चूक माझी होती."

सुईणबाईंनी त्यांच्याकडे पाहिले, मग थोरलीच्या तेलकट हातांकडे पाहिले. किल्ली घेतली, काठी मागच्या बाकावर टाकली आणि त्या चालकाच्या जागी बसल्या. भंगारवाल्याला त्यांनी लॉरी बाजूला घ्यायला सांगितली.

"आता तुमच्याकडे माझं काही उरलं नाही," त्या बाबांना म्हणाल्या, आणि समोरच्या चढावर गाडी घातली. इंजिनाने मान टाकली नाही.