दुसऱ्या फाइलमधली ओळ

यवतमाळच्या एका नर्सिंग कॉलेजचा सर्व्हर दीपमाला सांभाळायची. प्रवेशाचे अर्ज पाच वाजता बंद होणार होते आणि दुपारपासून वेबसाइट एकाही मुलीचे कागद घेत नव्हती. प्रत्येकीला एकच उत्तर येई: फाइल फार मोठी आहे.

मुख्य सेटिंगच्या फाइलमध्ये मुळातच असलेली एक एमबीची मर्यादा दीपमालाने वीस केली, सर्व्हर तीनदा बंद करून चालू केला. काहीच बदललं नाही.

"मॅडम, पोरीचं वर्ष जाते का आता?" बोरी अरबहून लेकीला, निकिताला, घेऊन आलेल्या पंजाबरावांनी विचारलं. "सकाळपासून जेवली नाही थे."

साडेचारला तिने संघदीपला फोन लावला. सर्व्हर त्यानेच बसवला होता. आता तो मारेगावला असतो.

"मुख्य फाइल कायले पाहून राह्यली? तिची शेवटची ओळ वाच. थे दुसऱ्या फोल्डरातल्या फायली आत घेते. त्यायच्यात जे लिहिलं, तेच चालते."

त्या फोल्डरात एक जुनी फाइल होती. मर्यादा, एक एमबी. संघदीपनेच कधीतरी टाकलेली, दुपारी वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला तेव्हा लागू झालेली.

"माफ कर मले," तो म्हणाला.

तिने एकचे वीस केले, सर्व्हर पुन्हा चालू केला. चार पन्नासला निकिताचा अर्ज गेला. पंजाबराव भिंतीला टेकून खालीच बसले.

दुपारी हताश होऊन परतलेल्या सात मुलींना दीपमालाने फोन लावले. पाचपर्यंत चौघींनी मोबाइलवरून अर्ज भरले. दोघी एसटीत होत्या, रेंज नव्हती. एकीचा फोन बंद होता. पाच वाजून गेले तरी दीपमाला तो नंबर लावतच राहिली.